तिसरी मुदत

६ जानेवारी २००८, रविवार

मंडळाचा इतिहास कधीतरी कोणीतरी लिहील. त्याला इतिवृत्तं मिळतील, ठराव मिळतील. त्यांच्यामागे काय चाललं होतं ते मिळणार नाही. म्हणून ही वही.

आज सिंगापूरच्या आमच्या सम्यक मंडळाच्या कार्यकारिणीची बैठक बुकित बातोकला आमच्या घरी झाली. सातपैकी पाच आले. त्रिशरण, पंचशील, मागच्या बैठकीचं इतिवृत्त, मग पोहे. पोहे खाताना रत्नदीप म्हणाला, "सर, मार्चच्या सर्वसाधारण सभेत नवा अध्यक्ष निवडावा लागेल. कलम नऊ."

रत्नदीप आमचा सचिव. नागपूरचा. वन-नॉर्थला एका प्रयोगशाळेत संशोधन करतो. वय एकतीस. बोलताना ताटलीकडे बघत होता.

मी म्हटलं, "कलम नऊ मीच लिहिलंय."

"तेच ना, सर," तो म्हणाला.

कलम नऊ असं आहे: अध्यक्षाला लागोपाठ दोन मुदतींपेक्षा अधिक काळ पदावर राहता येणार नाही. मुदत दोन वर्षांची. माझी दुसरी मार्चअखेर संपते.

१२ जानेवारी, शनिवार

कलम नऊ का लिहिलं ते इथे खरं लिहायला हरकत नाही.

२००४ साली आम्ही सहा जण मंडळाची नोंदणी करायला बसलो होतो. त्यात उल्हास मेश्राम होता. उंच, खणखणीत आवाजाचा, भीमगीतं म्हणायला लागला की लोक जेवण सोडून यायचे. तो अध्यक्ष झाला असता आणि निवृत्तीपर्यंत राहिला असता. मी सुचवलं की मुदतीवर मर्यादा हवी. आपण राज्यघटनेची लेकरं आहोत, व्यक्तिपूजा आपल्यात नको, कोणीही अपरिहार्य नसतो, असं बरंच बोललो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत जास्त उल्हासने. मग त्यानेच पहिला अध्यक्ष म्हणून माझं नाव सुचवलं.

पुढच्याच वर्षी त्याची दुबईला बदली झाली. ज्या माणसासाठी कलम लिहिलं तो माणूस या देशात नाही. कलम आहे.

२६ जानेवारी, शनिवार

प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम. मुलांनी उद्देशिका वाचली. दोघा-तिघांचे उच्चार ऐकवत नव्हते, पण वाचली. मी घटनेचं श्रेष्ठत्व या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. व्यक्ती येतात, जातात, घटना राहते.

नंतर ऋचा भेटली. समीरची बायको, दोघं बेडोकला राहतात, दोघंही इंजिनिअर. म्हणाली, "सर, छान झालं. 'शेवटचा मुद्दा' सात वेळा म्हणालात."

इतक्या बारकाईने ऐकणारे कमी असतात.

परतताना मनात आलं की घटना राहते म्हणजे ती जशीच्या तशी राहते असं नाही. दुरुस्तीची तरतूदही घटनेतच असते. ती वापरणं म्हणजे घटनेचा मान राखणंच आहे. हा मुद्दा आज बोलायला हवा होता. आठवा झाला असता.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

चिनी नववर्षाची सुट्टी. खालची सगळी दुकानं बंद. सरिताला, म्हणजे बायकोला, तिसऱ्या मुदतीचा विचार सांगितला.

ती म्हणाली, "अहो, चार वर्षं झाली. आता दुसऱ्यांना करू द्या की."

"दुसरं आहे कोण?"

"असतात माणसं."

"नाव सांग."

तिने चहा गाळला. माझ्यापुढे ठेवला. 

तिलाही नाव सांगता आलं नाही. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

१४ फेब्रुवारी, गुरुवार

काल कंपनीचं नववर्षाचं जेवण. मी नऊ नंबरच्या टेबलावर, स्वयंपाकघराच्या दाराजवळ. कच्च्या माशाची आणि भाज्यांची कोशिंबीर सगळ्यांनी उभं राहून चॉपस्टिकने उंच उडवायची असते. जेवढी उंच तेवढी भरभराट. मी दरवर्षी उडवतो. आमचा नवा मॅनेजर छत्तीस वर्षांचा आहे. प्रत्येक टेबलावर येऊन तो नावानिशी बोलला. मला म्हणाला (त्याला 'भ' म्हणता येत नाही), "मिस्टर बाऊ, ऑलवेज सो क्वाएट."

अकरा वर्षं झाली या कंपनीत. गुणवत्ता विभागात माझ्या सहीशिवाय माल बाहेर जात नाही. पण सही कोणाची आहे ते कोणी वाचत नाही.

मी गप्प असतो हे ऐकून आमच्या मंडळातले लोक हसले असते.

१७ फेब्रुवारी, रविवार

घटनादुरुस्ती एकट्याने ठरवायची गोष्ट नाही. म्हणून दिवसभर फोन केले. एकोणीस सभासदांशी बोललो. प्रत्येकाला आधी परिस्थिती समजावून सांगितली: जयंती तोंडावर आहे, वाचनालयाचं काम अर्धं झालंय, अशा वेळी नवा माणूस म्हणजे सुरुवातीपासून सुरुवात. मग मोकळेपणाने मत विचारलं.

एकानेही विरोध केला नाही. "तुम्ही ठरवाल ते, सर." "तुमच्या अनुभवापुढे आम्ही काय बोलणार?" निशिकांत तर म्हणाला, "सर, मी गाडी चालवतोय," आणि फोन ठेवला. इतका विश्वास.

फक्त ऋचाने उलट विचारलं, "सर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

मी म्हटलं, "प्रश्न माझा नाहीच."

"मग कोणाचा आहे?"

तेवढ्यात लाइनमध्ये खरखर आली.

२ मार्च, रविवार

मसुदा तयार केला. 'दोन' या शब्दाऐवजी 'तीन' एवढाच बदल. मी मुद्दाम 'कितीही' असं केलं नाही. मोह झाला होता हे लिहून ठेवतो.

बातम्यांत रशियाची निवडणूक दाखवत होते. तिथल्या अध्यक्षाच्या दोन मुदती संपल्या. घटना बदलायची नाही म्हणून त्याने आपल्या माणसाला उभं केलं, तो निवडून येणार, आणि हा पंतप्रधान होणार. दीक्षा सोफ्यावर आडवी होऊन बघत होती. ती सेकंडरी थ्रीला, म्हणजे आपल्याकडच्या नववीला आहे. मराठी समजतं, बोलत मात्र नाही.

माझ्या हातातला मसुदा बघून म्हणाली, "पप्पा, यू ऑल्सो लाइक दॅट, आह?"

"ते वेगळं प्रकरण आहे, बेटा. तिथे लोकांना विचारत नाहीत."

"यू आस्क्ड?"

"एकोणीस जणांना."

"देन दे से व्हॉट?"

"कोणीच नाही म्हणालं नाही."

"ऑफ कोर्स लाह. यू आर द वन कॉलिंग." मग तिने चॅनल बदललं.

इथल्या शाळांत नागरिकशास्त्र वरवरचं शिकवतात.

९ मार्च, रविवार

रत्नदीप सकाळी फाइल घेऊन आला. "सर, एक अडचण आहे. कलम सोळा."

कलम सोळा गणपूर्तीचं. सभासद चौऱ्याऐंशी, त्यांचा एक चतुर्थांश म्हणजे एकवीस. ठरल्या वेळी एकवीस नसतील तर अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासानेही नसतील तर हजर असतील तेवढ्यांची सभा वैध. मात्र अशा सभेला घटनेत दुरुस्ती करण्याचा अधिकार नाही.

हे शेवटचं वाक्य मी आज पहिल्यांदा वाचलं. कलम सोळा आम्ही नोंदणीच्या नमुन्यातून उतरवून घेतलं होतं. मी कलम नऊमध्ये गुंतलो होतो.

"मग काय? एकवीस काय, साठ येतील," मी म्हटलं.

"येतात, सर. पण कधी?"

हे खरं आहे. चार वर्षांत एकाही सभेला ठरल्या वेळी एकवीस माणसं नव्हती. अर्ध्या तासानेही नव्हती. पहिल्या वर्षी साडेदहाची सभा, लोक अकरा वाजून गेल्यावर आले. म्हणून दुसऱ्या वर्षी मी सूचनापत्रात दहाची वेळ लिहिली, म्हणजे साडेदहाला येतील. ते लोकांच्या लक्षात आलं. तेव्हापासून दहा लिहिलं की पावणेअकरा धरतात. हीच माणसं ऑफिसात एक मिनिट उशिरा जात नाहीत. जपानी साहेबाला वेळेवर भेटतात. मंडळात आली की घरी आल्यासारखी वागतात.

तर या वेळी साडेदहाच्या आत एकवीस माणसं खोलीत हवीत. आम्ही दोघांनी फोन वाटून घेतले.

जाताना रत्नदीपने विचारलं, "दुरुस्तीवर गुप्त मतदान ठेवायचं का, सर? चिठ्ठ्या करतो मी."

"कशाला? हात वर करून. आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? ज्याला विरोध करायचा त्याने माझ्याकडे बघून करावा."

तो बराच वेळ बूट घालत होता. मग "बरं, सर. जय भीम," म्हणाला आणि गेला. त्यालाही पटलं असावं.

१६ मार्च, रविवार

सूचनापत्रं गेली. 'सकाळी ठीक दहा वाजता'. ठीक या शब्दाखाली रेघ मारली आहे. सभेनंतर जेवण.

जेवणाचं सरिताने अंगावर घेतलं. आठवडाभर तिचे फोन चालू आहेत. पंख्याचा आवाज येतो म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून बोलते. पाणी प्यायला गेलो तेव्हा कोणाला तरी सांगत होती, "नाही, आधी नको. साडेदहा होऊन जाऊ देत."

मी विचारलं, "कोण?"

"जेवणाचं," ती म्हणाली. "आधी आलं तर गार होतं."

ती नाही म्हणत होती, पण काम पडलं की झटते. सगळ्यांचे नंबर तिला पाठ आहेत. कोणाकडे बाळ झालं, कोणाचे वडील गावी आजारी आहेत, कोणाच्या कामाच्या पासचं या वेळी नूतनीकरण झालं नाही, असली माहिती तिच्याकडे फार. मंडळाच्या कामात तिचा उपयोग नाही, पण माणसं जोडलेली राहतात.

२३ मार्च, रविवार

सभेत बोलायचं भाषण लिहायला बसलो. लिहिलं नाही.

पद गेलं तर रविवारी काय करायचं, हा प्रश्न पडला. दुसरं काही सुचेना. खालच्या कट्ट्यावर म्हातारे चिनी लोक पिंजऱ्यातले पक्षी टांगून बसतात. तासन्‌तास. मी चोपन्न वर्षांचा आहे.

वडील श्रीरामपूरला साखर कारखान्यात काट्यावर हमाली करायचे. मला कोणी 'अध्यक्ष' म्हणून हाक मारताना त्यांनी ऐकलं नाही. २००३ साली गेले. एक वर्ष आधी.

हे पान फाडून टाकावंसं वाटतंय. राहू दे.

३० मार्च, रविवार

सभा झाली. क्रमाने लिहितो.

मी साडेनऊला कम्युनिटी क्लबच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोहोचलो. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी मांडल्या, हार घातले. साठ खुर्च्या. सरिता आणि दीक्षा माझ्याबरोबर. रत्नदीप पावणेदहाला आला.

दहा वाजता सात सभासद. काळजीचं कारण नव्हतं.

सव्वादहाला अकरा. त्यातले दोन विद्यार्थी मागच्या महिन्यात सभासद झालेले, म्हणून वेळेवर.

दहा वीसला चौदा. मी दीक्षाला खाली पाठवलं, कोणी लिफ्टपाशी खोळंबलंय का बघ म्हणून. ती पाच मिनिटांनी परत आली. हातात चहा, इथे मिळतो तसा प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यात स्ट्रॉ.

"नोबडी, पप्पा. लिफ्ट व्हेरी स्लो."

लिफ्ट हळू असेल तर खाली कोणीतरी थांबलेलं असायला हवं. हे मी तिला म्हटलं. ती चहा पीत राहिली.

खिडकीतून पाहिलं. खिडकी पार्किंगच्या बाजूला आहे. खालचं कॉफी शॉप दुसऱ्या अंगाला. मी स्वतः खाली जायला निघालो तेव्हा सरिता म्हणाली, "अहो, अध्यक्ष माणसं गोळा करत फिरतात का? बरं दिसतं का ते?" मला ते पटलं. बसलो.

दहा अठ्ठावीसला सतरा. सगळ्यांची घड्याळं बघायची एकच पद्धत होती. मनगट न उचलता.

रत्नदीप उभा राहिला. "सर, साडेदहा. उपस्थिती सतरा." त्याने वहीत लिहिलं.

साडेदहा वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं.

ते सगळे एकदम आले. लिफ्टमधून, जिन्याने. पांढऱ्या कपड्यांत, पोरंबाळं घेऊन. मी मोजले, एकेचाळीस सभासद. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बऱ्याच जणांच्या हातात चहाच्या पिशव्या, संपत आलेल्या. समीर म्हणाला, "सॉरी सर, एमआरटी." ठीक आहे, मेट्रोनेही बेडोक लांब आहे. अभय म्हणाला, "सॉरी सर, एमआरटीला काय गर्दी!" अभय आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर राहतो. क्लबपासून चालत सात मिनिटं. दुसरीकडून कुठून तरी येत असावा.

त्रिशरण, पंचशील झालं. मी म्हटलं, "आता अठ्ठावन्न सभासद हजर आहेत. गणपूर्ती जवळजवळ तिप्पट आहे. दुरुस्तीचा ठराव घेऊ."

रत्नदीप म्हणाला, "सर, कलम सोळा वाचू का?"

वाचलं. हळू वाचलं. साडेदहाला सतरा होते, म्हणजे ही अर्ध्या तासानंतरची सभा. हिला दुरुस्तीचा अधिकार नाही.

"पण माणसं समोर बसलीत," मी म्हटलं.

"बसलीत, सर. निर्णय अध्यक्षांनी द्यायचा आहे."

 एक लहान मूल रडायला लागलं, ऋचाने त्याला बाहेर नेलं. मी म्हणू शकलो असतो की माझ्या घड्याळात अजून साडेदहा वाजायचेत. मी म्हणू शकलो असतो की कलमाचा हेतू बघा, अक्षर नको. कोणी विरोध केला नसता. मला ते त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं. सगळे खाली बघत होते.

बाबासाहेबांच्या तसबिरीकडे मी पाहिलं नाही. ती माझ्या पाठीमागे होती.

मी म्हटलं, "ठराव घेता येणार नाही."

टाळ्या झाल्या. खूप वेळ. चार वर्षांत मला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. काही बायकांनी डोळे पुसले. निर्णयातला निःपक्षपातीपणा लोकांना भिडला असावा.

त्या टाळ्यांत मला सुचलं. कलम नऊमध्ये 'लागोपाठ' असा शब्द आहे. मध्ये एक मुदत दुसऱ्या कोणी काढली की मी पुन्हा उभा राहू शकतो. फक्त ती मुदत अशा माणसाने काढायला हवी, जो मध्येच काही बदलणार नाही. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अध्यक्षपदासाठी मी आयुष्मती सरिता जगधने यांचं नाव सुचवतो."

ऋचा दारातूनच ओरडली, "अनुमोदन!" माझं वाक्य पूर्ण व्हायचं होतं.

दुसरं नाव आलं नाही. तरी रत्नदीपने मत घेतलं. सगळे हात वर गेले. विद्यार्थ्यांनी दोन-दोन वर केले, ते त्याने एकेकच मोजले.

सरिता म्हणाली, "एक मिनिट. मला कोणी विचारलंच नाही." लोक हसले. "पण करीन. जेवण गरम आहे. चला."

एवढंच तिचं भाषण.

माझं मन शांत आहे. कारभार घरातच राहिला.

१ एप्रिल, मंगळवार

सरितासाठी पुढच्या सहा महिन्यांच्या कामांची यादी केली. तेवीस मुद्दे. ती म्हणाली, "रत्नदीपला द्या. तो बघेल."

"तुला समजावून सांगतो ना."

"लागलं तर विचारते."

सही कुठे करायची ते पत्रांवर पेन्सिलने फुली मारून ठेवलं होतं. म्हणाली, "आधी वाचते." दोन पत्रांवर सही केली. तिसरं परत दिलं. त्यात वाक्य फार लांब आहे म्हणाली.

१३ एप्रिल, रविवार

जयंती. उद्याची तारीख, पण कामाचा दिवस म्हणून आज.

छापील कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव खालून तिसरं होतं. 'मनोगत, पाच मिनिटं.' मी सरिताकडे पाहिलं. ती खीर वाढायला कोण कोण आहे ते बघत होती.

पाच मिनिटं बोललो. चौथ्या मिनिटाला लक्षात आलं की प्रास्ताविकच चालू आहे. म्हणून ते तिथेच सोडून वडिलांबद्दल एक वाक्य बोललो आणि बसलो. ते तयार केलेलं नव्हतं. नंतर निशिकांत येऊन माझा हात धरून उभा राहिला. त्याचेही वडील कारखान्यातच होते. चार वर्षं ओळखतो त्याला, मला माहीत नव्हतं. सरिताला माहीत होतं.

एक आश्चर्य. दहाचा कार्यक्रम दहाला सुरू झाला. सगळे वेळेवर आले. चार वर्षं शिस्तीसाठी घसा कोरडा केला, त्याचं फळ आता दिसतंय.

२० एप्रिल, रविवार

क्लबात राहिलेल्या दोन सतरंज्या आणायला गेलो. उन्हाचं खालच्या कॉफी शॉपमध्ये बसलो. चहाच्या काउंटरवरची बाई माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "अंकल, लास्ट मंथ सम्बडी पास अवे, इज इट?"

मी विचारलं, "कोण?"

"युअर पीपल. संडे मॉर्निंग. ऑल वेअर व्हाइट. सो मेनी, मोअर दॅन फॉर्टी. सिट हिअर, नोबडी टॉक. ओन्ली लुक अ‍ॅट द वॉच. आय थिंक वेटिंग फॉर द कॉफिन." तिने हात पुसले. "व्हेरी सॅड. आय नेव्हर चार्ज फॉर द चिल्ड्रन."

"किती वाजता?" मी विचारलं.

"अर्ली. नाइन फॉर्टी, लाइक दॅट."

मी तिला सांगितलं की कोणी गेलं नाही. सभा होती.

"ओह. गुड, गुड," ती म्हणाली.

नऊ चाळीसला इथे पोहोचायचं तर बेडोकहून सव्वाआठला निघावं लागतं. लहान मूल असेल तर आठला. रविवारी.

म्हणजे त्या दिवशी सगळे वेळेआधी आले होते.

सतरंज्या घेऊन घरी आलो. जेवलो नाही. पोट बरं नाही असं सांगितलं.

२४ एप्रिल, गुरुवार

ऑफिसात लक्ष नव्हतं. एक खोका सही न करता सोडला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

समजा, तेव्हा ते साडेदहाच्या आत वर आले असते. मी ठराव मांडला असता. मग म्हणालो असतो, विरोधात कोण, हात वर करा. माझ्याकडे बघून.

मी हे पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर आणून बघतो. हात दिसतात. चेहरे दिसत नाहीत.

२७ एप्रिल, रविवार

संध्याकाळी सरिता टेबलावर बसून बुद्धपौर्णिमेच्या कामांची वाटणी लिहीत होती. दीक्षा कानात वायर घालून बाजूला. मी समोर बसलो.

म्हटलं, "अध्यक्षांना विशेष सर्वसाधारण सभा बोलावता येते. कलम चौदा."

"हो. वाचलंय."

"कलम नऊचा ठराव तसाच राहिला. गणपूर्ती नव्हती म्हणून. लोकांचं मत कळलंच नाही."

तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. दवाखान्यात इंजेक्शनच्या आधी मुलाकडे बघतात तसं काहीसं.

"बोलावते की," ती म्हणाली. "तुम्ही म्हणत असाल तर बोलावते."

"वेळेवर येतील?"

"या वेळी येतील. सगळे."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. मीसुद्धा सभासद आहे."

दीक्षाने कानातली एक वायर काढली होती. तिच्याकडे बघितल्यावर तिने ती पुन्हा घातली.

सरिताने कॅलेंडर पुढे ओढलं. "सांगा. कुठली तारीख लिहू?"

मी म्हटलं, मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आहे, लोकांची धावपळ असते. ती म्हणाली, जून? जूनमध्ये शाळांना सुट्ट्या, निम्मे लोक भारतात. जुलै? जुलैत रत्नदीपचा प्रबंध. ऑगस्टमध्ये इथला राष्ट्रीय दिन, आणि बेडोकच्या लोकांना इतक्या लांब यावं लागतं, लहान मूल घेऊन.

ती प्रत्येक महिन्याचं पान उलटून माझ्यासमोर धरत होती. घाई करत नव्हती. आम्ही डिसेंबरपर्यंत पाहिलं. सगळ्यांच्या सोयीची एकही तारीख निघाली नाही.